विज्ञान शाखेतून रंगभूमीकडे

कऱ्हाड शहराला अगदी लागून, पुणे-बंगळूर महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेले मलकापूर हे सातारा जिल्ह्यातील गाव चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेमुळे राज्यभर परिचित झाले आहे. (बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर निराळे आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरही निराळे, हे येथे सांगितलेले बरे.) या गावाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. कृष्णा समूहाचे वैद्यकीय महाविद्यालय १९८४ साली येथे सुरू झाले. कऱ्हाडच्या विद्यानगर परिसरातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तर १९६० सालचे. घराच्या ओट्यावरून एका बाजूला रुग्णालयाची इमारत आणि दुसऱ्या बाजूला अभियांत्रिकीची वाट दिसत असल्यावर, दहावीला बरे गुण मिळालेल्या मुलाने विज्ञान शाखेखेरीज दुसरीकडे पाहावे, ही अपेक्षा कोणते आईबाप करतील? शेती आटत चालली आहे, ऊस झाला तरी तो सर्वांच्याच वाट्याला येत नाही, आणि शिकलेल्या मुलाच्या नोकरीवर घराची पुढची पिढी उभी राहायची आहे. पालकांच्या आग्रहामागे हा हिशेब असतो आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

अशा घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी बारावीच्या उंबरठ्यावर "मला नाटकात काम करायचे आहे" असे म्हणू लागली की घरात वादळ उठते. प्रकरण वर्गशिक्षकांपर्यंत जाते, कधी सरपंचांपर्यंतही जाते. "भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकून आता तोंडाला रंग लावणार काय?" हा प्रश्न वडील विचारतात. "विज्ञानाकडे गेलो म्हणजे कलेचे दार कायमचे बंद झाले" अशी मुलाची समजूत असते. दोघांच्याही बोलण्यात एक गृहीत समान आहे. विज्ञान आणि अभिनय या दोन वाटा एकमेकींना कोठेच मिळत नाहीत, असे दोघेही धरून चालतात. मराठी रंगभूमीचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास मात्र काही निराळेच दाखवितो. शिक्षक व पंचायत सदस्य यांना अशा प्रसंगी सल्ला द्यावा लागतो. तो ऐकीव माहितीवर दिला जाऊ नये, यासाठी हा इतिहास आणि त्याला जोडून प्रवेशाच्या व उपजीविकेच्या व्यावहारिक बाबी येथे मांडल्या आहेत.

साताऱ्याचे डॉक्टर

या विषयातील सर्वात ठळक उदाहरण सातारा जिल्ह्यातच सापडते. डॉ. श्रीराम लागू यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्यास झाला. त्यांचे वडीलही डॉक्टर. पुण्याच्या भावे स्कूलमध्ये शालेय शिक्षण, फर्ग्युसन महाविद्यालयात पुढील शिक्षण आणि नंतर बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी, असा त्यांचा सरळ विज्ञानाचा मार्ग होता. वैद्यकीय महाविद्यालयात असतानाच ते नाटकांत कामे करू लागले. कान, नाक व घसा या विषयाचे शल्यचिकित्सक म्हणून त्यांनी पुण्यात काही वर्षे व्यवसाय केला, पुढील प्रशिक्षणासाठी ते कॅनडा व इंग्लंड येथे गेले, आणि साठच्या दशकात पूर्व आफ्रिकेतील टांझानियामध्ये टबोरा या गावी त्यांनी डॉक्टर म्हणून काम केले.

या सर्व काळात नाटक सुटले नव्हते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पुण्यात भालबा केळकर व इतर समविचारी मित्रांसमवेत उभ्या केलेल्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेतून, आणि मुंबईत रंगायनमधून, मायदेशी असतील तेव्हा ते सातत्याने रंगभूमीवर वावरत होते. दिवसा रुग्ण आणि रात्री तालीम असा तो क्रम. अखेर १९६९ साली, वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकापासून, त्यांनी पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी त्यांचे वय एकेचाळीस वर्षांचे होते.

हे वय आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. लोकांच्या स्मरणात राहते ते एवढेच की, चांगला चालता वैद्यकीय व्यवसाय सोडून एक डॉक्टर नट झाला. त्या निर्णयाच्या पाठीशी जवळजवळ वीस वर्षांचा हौशी रंगभूमीवरील अनुभव होता, हाती एक सिद्ध झालेली विद्या होती, आणि आपल्याला अभिनय येतो की नाही याचा निवाडा प्रेक्षकांनी अनेक वेळा दिलेला होता. अठराव्या वर्षी पुस्तके गुंडाळून मुंबईची गाडी पकडणाऱ्या मुलाने डॉ. लागू यांचा दाखला द्यावा, हे म्हणूनच बरोबर होत नाही. आणि चाळिशीपर्यंत थांबावेच लागते, असाही त्याचा अर्थ पालकांनी काढू नये.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७० साली, वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले. दि गोवा हिंदु असोसिएशनने सादर केलेल्या आणि पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकातील गणपतराव बेलवलकर या भूमिकेने डॉ. लागू यांचे नाव घराघरांत पोहोचविले. त्याच वर्षी विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ हे नाटक त्यांनी दिग्दर्शित केले. त्यानंतर १९७२ मध्ये कानेटकरांचे ‘हिमालयाची सावली’ आले आणि त्याच वर्षी व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ चित्रपटातील शिक्षकाची भूमिका आली. हा शिक्षक ग्रामीण महाराष्ट्राने जसा आपला मानला, तसा फार थोड्या नटांच्या वाट्याला आलेल्या भूमिकांबाबत घडले आहे. १९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हिंदी चित्रपटांतही त्यांनी पुष्कळ कामे केली, आणि रिचर्ड ॲटनबरो यांच्या १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटात ते गोपाळ कृष्ण गोखले झाले होते. १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

विज्ञानाने त्यांना काय दिले, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे एक उत्तर त्यांच्या सार्वजनिक जीवनात दिसते. साताऱ्याचेच डॉ. नरेंद्र दाभोलकर हेही वैद्यकीय पदवीधर होते. त्यांच्याबरोबर डॉ. लागू यांनी गावोगावी अंधश्रद्धा आणि विवेक या विषयांवर जाहीर कार्यक्रम केले, प्रेक्षकांचे प्रश्न घेतले व त्यांना उत्तरे दिली. सामाजिक कार्यकर्त्यांच्या मदतीसाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभा करण्यात आला, तेव्हा त्यासाठी नामवंत कलावंतांना घेऊन ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग झाले, त्यांतही त्यांचा पुढाकार होता. पुराव्याशिवाय विधान न करण्याची आणि प्रश्नाला सामोरे जाण्याची सवय शाळेतल्या प्रयोगशाळेतच लागते. ती रंगमंचावर उपयोगी पडत नाही, असे म्हणणारा मनुष्य तालमीला कधी बसलेला नसावा.

एका महाविद्यालयाची परंपरा

डॉ. लागू हे अपवाद होते, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले, त्याच महाविद्यालयातून पुढे डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे बाहेर पडले. एका वैद्यकीय महाविद्यालयाने मराठी रंगभूमीला इतके द्यावे, ही गोष्ट योगायोगाने घडलेली नाही. महाविद्यालयीन नाट्यस्पर्धांचे वातावरण त्यामागे आहे. पुण्यातील महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा ही त्यातील एक मोठी कडी. तेथे कला शाखेच्या विद्यार्थ्यांबरोबर वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ पहिल्यापासून हिरिरीने उतरत आले आहेत.

डॉ. जब्बार पटेल यांचा जन्म १९४२ साली पंढरपूरचा. दौंड येथे त्यांनी बालरोगतज्ज्ञ म्हणून रुग्णसेवा केली, आणि त्याच काळात ते नाटकाच्या व पुढे चित्रपटाच्या दिग्दर्शनात गढून गेले. ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ हे त्यांचे चित्रपट आजही ग्रामीण भागातील सत्ता, सहकार आणि स्त्रीचे स्थान यांवरील चर्चेत हटकून आठवले जातात. पंचायत राज्याच्या अभ्यासकांनी ‘सामना’ अवश्य पाहावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यातील मास्तरांची भूमिका डॉ. लागू यांची, सहकारसम्राटाची भूमिका निळू फुले यांची. निळूभाऊ हे काही काळ पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून काम केलेले कलावंत. समोरासमोर उभ्या ठाकलेल्या या दोन नटांत शल्यचिकित्सक कोण आणि माळी कोण, हे पडद्यावर ओळखू येत नाही.

डॉ. मोहन आगाशे यांचे उदाहरण आणखी वेगळे आहे. त्यांनी वैद्यक सोडलेच नाही. १९४७ साली जन्मलेले डॉ. आगाशे मनोविकारतज्ज्ञ झाले, ससून रुग्णालय व बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन व उपचार केले, आणि महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. दुसऱ्या बाजूने १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’ पुण्यात रंगमंचावर आले, तेव्हा त्यातील नाना फडणवीस तेच होते. तेंडुलकरांचे हे नाटक डॉ. पटेल यांनी दिग्दर्शित केले होते. ते बंद पाडण्याचा प्रसंग आल्यावर त्यातील मंडळींनी १९७३ साली थिएटर अकॅडमी ही संस्था स्थापन केली आणि पुढे हे नाटक परदेशांतही नेले. या मंडळींतील सतीश आळेकर हे जीवरसायनशास्त्राचे पदव्युत्तर पदवीधर. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्या विषयात काम करीत असताना त्यांनी ‘महानिर्वाण’ लिहिले, आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे ते प्रमुख झाले. म्हणजे मराठी रंगभूमीला जगाच्या नकाशावर नेणाऱ्या त्या संचात एक बालरोगतज्ज्ञ, एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक जीवरसायनशास्त्रज्ञ होते!

डॉ. आगाशे यांनी आपल्या दोन विद्यांची सांगड घातली, तो भाग शिक्षकांच्या दृष्टीने मोलाचा आहे. जर्मनीतील ग्रिप्स या बालनाट्य चळवळीशी संबंध जोडून १९८६ पासून त्यांनी पुण्यात मुलांसाठी वेगळ्या धर्तीची नाटके सुरू होण्यास चालना दिली. परी, राक्षस आणि राजकन्या यांच्याऐवजी शाळा, घर, भांडणे, आईवडिलांचे मतभेद असे मुलांचे खरे प्रश्न त्यांत येतात, आणि मोठी माणसे मुलांच्या भूमिका करतात. मानसिक आजारांविषयी समाजात जी भीती व लाज असते, ती दूर व्हावी म्हणून सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटांशी ते जोडले गेले. ‘अस्तु’ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका त्यांनी केली. ‘कासव’ या चित्रपटाच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता, आणि २०१७ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला.

डॉ. काशिनाथ घाणेकर यांचे नाव घेतल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही. ते दंतवैद्य होते. कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) मधील संभाजी आणि ‘अश्रूंची झाली फुले’ मधील लाल्या या भूमिकांनी त्यांना जी लोकप्रियता दिली, ती त्या काळात चित्रपटाच्या नायकालाही हेवा वाटावी अशी होती. २ मार्च १९८६ रोजी अमरावती येथे त्यांचे निधन झाले. टाळ्यांची सवय झालेल्या माणसाला त्या थांबल्यावर काय होते, याचा विचार त्यांच्या आयुष्याकडे पाहताना करावा लागतो. मुलांना केवळ यशाच्या कथा सांगणे प्रामाणिकपणाचे नाही.

पुढच्या पिढ्यांतही ही परंपरा चालू राहिली. आयुर्वेदाचे पदवीधर डॉ. गिरीश ओक आणि वैद्यकीय पदवी घेतलेले डॉ. अमोल कोल्हे ही नावे वाचकांना परिचित आहेत. महाराष्ट्राबाहेर पाहिले तर माथेरानला जन्मलेले गिरीश कर्नाड हे गणित व संख्याशास्त्राचे पदवीधर. सातासमुद्रापलीकडे ‘मिस्टर बीन’ म्हणून मुलांना ठाऊक असलेले रोवन ॲटकिन्सन विद्युत अभियांत्रिकी शिकलेले. नाटककार चेकॉव्ह तर आयुष्यभर डॉक्टर होता.

आवाजाचे शास्त्र

भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी वाचिक अभिनयाच्या बाबतीत विज्ञानाचे शालेय शिक्षण किती कामी येते, याचा एक नमुना म्हणून थोडा विस्तार करतो. शिक्षकांनाही दिवसभर बोलावे लागते, तेव्हा हा भाग त्यांच्याही उपयोगाचा आहे.

फुप्फुसातून येणारी हवा स्वरयंत्रातील दोन स्वररज्जूंमधून जाते, आणि त्या कंप पावतात. प्रौढ माणसाच्या या स्वररज्जू जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर लांबीच्या असतात. साध्या बोलण्यात पुरुषाच्या स्वररज्जू सेकंदाला सुमारे शंभर ते दीडशे वेळा, तर स्त्रीच्या सुमारे दोनशे वेळा कंप पावतात. निर्माण झालेला हा ध्वनी मुळात क्षीण असतो. घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्यांत त्याचे अनुनादन होते, तेव्हा त्याला भरीवपणा येतो. अकरावीच्या भौतिकशास्त्रात पाण्याच्या नळीवर कंपनद्विशूल धरून अनुनादाचा प्रयोग करतात, तेच तत्त्व येथे आहे.

नवखा नट मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचावा म्हणून गळा ताणतो. परिणामी स्वररज्जू एकमेकींवर आपटतात, सुजतात, आणि हे वर्षानुवर्षे चालले तर त्यांवर बारीक गाठी येऊन आवाज कायमचा घोगरा होतो. शिकलेला नट गळ्यावर भार टाकत नाही. छाती आणि पोट यांच्यामधील श्वासपटल खाली नेऊन तो श्वास खोल भरतो, तो नियंत्रितपणे सोडतो, आणि तोंडाची पोकळी मोकळी ठेवून ध्वनीला जागा देतो. वाक्य कोठे तोडायचे हेही श्वास किती उरला आहे, त्यावर ठरते. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात गावच्या यात्रेतील तमाशाचे कलावंत हजारोंच्या समुदायापुढे रात्र काढीत. त्यांना शरीरशास्त्र कोणी शिकविले नव्हते, परंतु हे तंत्र त्यांनी गुरूकडून, कानाने घेतले होते. रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांपासून कवलापूरच्या काळू-बाळूंपर्यंत सांगली जिल्ह्याने हे तंत्र सांभाळले. ज्या गोष्टीसाठी त्यांना निम्मे आयुष्य घालवावे लागे, तिचे कारण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला एका तासात समजू शकते. समजणे आणि साधणे यांत अर्थातच अंतर आहे.

प्रवेशाचे नियम काय सांगतात

आता व्यवहाराकडे वळू. विज्ञान शाखा घेतली म्हणून अभिनयाच्या शिक्षणाचा एकही महत्त्वाचा मार्ग बंद होत नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची स्थापना १९८७ सालची. तेथे नाट्य विषयातील पदवी अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी प्रवेश परीक्षा देऊ शकतो. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली स्थापन झाले. तेथील तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवी आवश्यक आहे, पण ती कोणत्याही विद्याशाखेची चालते. नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव मात्र पाहिला जातो. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेल्या पुण्याच्या चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेतही अभिनयाच्या अभ्यासक्रमासाठी कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये पदव्युत्तर शिक्षण मिळते. शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग तर मलकापूरपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर, कोल्हापुरातच आहे.

याच्या उलट बाजूचा विचार करा. दहावीनंतर कला शाखा घेतलेल्या विद्यार्थ्याला पुढे वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीकडे वळावेसे वाटले, तर ते जवळजवळ अशक्य असते, कारण त्या प्रवेश परीक्षांना विज्ञानाचे विषय अनिवार्य आहेत. विज्ञानाकडून कलेकडे जाण्याचा पूल आहे, परतीचा पूल नाही. ज्या विद्यार्थ्याचे मन पंधरा-सोळाव्या वर्षी अजून ठरलेले नाही, त्याला हे समजावून सांगणे शिक्षकांचे कर्तव्य ठरते. तथापि ज्याला गणित व भौतिकशास्त्र अजिबात झेपत नाही, त्याला केवळ या कारणासाठी विज्ञान शाखेत अडकवून ठेवणेही अन्यायाचे होईल. नापासाचा शिक्का घेऊन रंगभूमीकडे जाणारा मुलगा तेथेही खचलेल्या मनानेच जातो.

दिल्ली आणि पुणे येथील संस्थांना पदवी लागते, ही बाब वादाच्या वेळी फार उपयोगी पडते. बारावीनंतर विज्ञानाची पदवी पूर्ण करणे हे अभिनयाच्या मार्गातील अडथळा नसून त्यातील एक टप्पा आहे, असे मुलाला सांगता येते. आणि पालकांना सांगता येते की, या तीन-चार वर्षांत मुलाला महाविद्यालयाच्या नाट्यमंडळात काम करू द्या. त्याची पात्रता तेथे आपोआप कळेल. या सर्व संस्थांत जागा मोजक्या आणि अर्जदार पुष्कळ, हेही त्याच बैठकीत सांगावे.

उपजीविकेचा प्रश्न

पालकांची खरी चिंता कलेविषयी नसते, पोटाविषयी असते. नाट्य व्यवसायात ठरावीक वेतन नाही. प्रयोगामागे मानधन मिळते. प्रयोग नसेल त्या दिवशी काहीच नाही. मालिकांत दिवसावर पैसे ठरतात आणि ते हाती पडायला काही महिने लागू शकतात. मुंबईत राहण्याचा खर्च गावाकडच्या माणसाच्या कल्पनेबाहेरचा असतो. वयस्कर व गरजू कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे, आणि तिच्यासाठी अर्ज घेऊन येणारे वृद्ध शाहीर, सोंगाडे, ढोलकीवाले पंचायत सदस्यांनी स्वतः पाहिलेले आहेत. आयुष्यभर लोकांना रिझवणाऱ्या या माणसांच्या हाती अखेरीस काय राहते, हे त्यांच्याइतके स्पष्ट कोण जाणतो?

म्हणूनच वर दिलेल्या उदाहरणांतील समान दुवा महत्त्वाचा आहे. डॉ. लागू, डॉ. पटेल, डॉ. आगाशे, प्रा. आळेकर यांच्यापैकी कोणालाही आपल्या पहिल्या नाटकावर घर चालवावे लागले नाही. भाकरीची सोय दुसरीकडे असल्यामुळे त्यांना नको ती भूमिका नाकारता आली, धाडसी नाटक करता आले, विरोध झाला तरी उभे राहता आले. हाताशी एखादी विद्या असलेला नट स्वतंत्र राहतो. डॉक्टरच व्हावे लागते असे नाही. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माता, विज्ञान शिक्षक, संगणकाचे काम जाणणारा, यांपैकी कोणीही हे स्वातंत्र्य मिळवू शकतो. शिवाय रंगमंचावर प्रकाशयोजना आणि ध्वनी ही अशी अंगे आहेत की जेथे विद्युत व ध्वनिशास्त्र समजणाऱ्या तरुणांची सदैव गरज असते.

मुलींच्या बाबतीत एक जास्तीची अडचण आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तालीम रात्री उशिरापर्यंत चालते, दौरे परगावी असतात, आणि गावात बोलणारी तोंडे असतात. मुलग्याला "करून तर पाहा" म्हणणारे घर मुलीला तेवढी सवड देत नाही. तिच्या लग्नाचे वय आणि धडपडीची वर्षे एकच पडतात. महाविद्यालयातील तालमी वेळेत संपविणे, शिक्षिकेने सोबत राहणे, दौऱ्याची माहिती पालकांना आधी लेखी देणे, एवढ्या साध्या व्यवस्थेनेही पुष्कळ मुलींची वाट मोकळी होते.

आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. "मालिकेसाठी नवे चेहरे पाहिजेत, निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा" अशा मजकुराचे संदेश तालुक्याच्या गावांतील तरुणांना भ्रमणध्वनीवर येतात. छायाचित्रांसाठी, ओळखपत्रासाठी, कार्यशाळेसाठी म्हणून रक्कम घेतली जाते आणि पुढे कोणी भेटत नाही. काम देणारा निर्माता नटाकडून पैसे घेत नाही, तो नटाला पैसे देतो. एवढे एक वाक्य ग्रामसभेत सांगितले तरी काही घरांचे नुकसान टळेल. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

गावपातळीवर

आद्य नाटककार विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीच्या राजवाड्यात ‘सीतास्वयंवर’ सादर केले, आणि त्या घटनेच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळला जातो. सांगलीस त्या दिवशी विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते. शेजारच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवळ आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ही त्याच मातीतली माणसे. एवढा वारसा असलेल्या भागात अभिनय हा शब्द घरात उच्चारण्याची चोरी व्हावी, हे जरा चमत्कारिकच आहे.

शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयातर्फे हौशी नाट्य स्पर्धा, बालनाट्य स्पर्धा आणि संगीत नाट्य स्पर्धा भरविल्या जातात. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका, मूकनाट्य, लघुनाटिका आणि पथनाट्य यांच्या स्पर्धा असतात. कऱ्हाडच्या विज्ञान महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्यांत भाग घेता येतो. शाळांसाठी विज्ञान नाट्योत्सव हा एक सुंदर उपक्रम आहे. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या सहकार्याने होणाऱ्या या स्पर्धेत विद्यार्थी विज्ञानाच्या एखाद्या विषयावर स्वतः नाटुकले बसवितात आणि तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या चढत जातात. पाणी, पर्यावरण, साथीचे रोग, अंधश्रद्धा असे विषय त्यांत येतात. विज्ञान शिक्षक आणि मराठीचे शिक्षक एकत्र बसून काम करतात, असे प्रसंग शाळेत एरवी थोडेच येतात. शाळेला या स्पर्धेचे परिपत्रक येते. ते कपाटात न ठेवता फलकावर लावले, तर पुष्कळ होईल.

ग्रामपंचायती आणि नगरपरिषदा यांनाही यात करता येण्यासारखे आहे. अनेक गावांत यात्रेसाठी बांधलेला कट्टा किंवा समाजमंदिर वर्षातील तीनशेहून अधिक दिवस रिकामे असते. तेथे दिवा, पंखा आणि कुलपाची किल्ली एवढे मिळाले तरी तालमीची सोय होते. आणि वाचनालयाच्या पुढील खरेदीत डॉ. लागू यांचे ‘लमाण’ हे आत्मकथन व ‘वाचिक अभिनय’ हे पुस्तक जरूर घ्यावे. पहिले मुलाच्या आधी त्याच्या वडिलांनी वाचावे, आणि दुसरे शिक्षकांनी.